बांगडीएवढा चट्टा

हलका, लवकर येणारा धान कापून झाला, शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या, की आमच्या घरात पांढरे केस उडायला लागतात. ओसरीत, चहाच्या कपात, देवाच्या फोटोवर, दुकानातल्या तांब्याच्या तारेवर, सगळीकडे. लाही अंग बदलायला लागलेली असते. लाही म्हणजे आमच्या घरातला ससा. आहे मादी, पण सगळे तिला ससाच म्हणतात. साप कात टाकतो ती एका दमात, ससा मात्र केस टाकतो ते रडतखडत. आधी मानेमागचे, मग पाठीचे, शेवटी कुशीचे. अंगणात वाळत घातलेल्या धानावर ते पुंजके जाऊन बसतात आणि शीला, माझी बायको, झाडू घेऊन पुटपुटत राहते. यंदाही पुटपुटते आहे. मी ओसरीच्या पायरीवर बसून लाहीला मांडीवर घेतलं आहे आणि केसांत बोटं घालून भांग पाडतो आहे. आज रविवार आहे. फोटो पाठवायचा दिवस.

हा रविवारचा नेम आमच्या पल्लवीने लावला. ती नागपूरला शिकायला गेली तेव्हा ससा वसतिगृहात नेता येत नव्हता. बापाला नेता येत नाही तसंच, असं मी म्हणालो तेव्हा ती हसली नव्हती. जायच्या आदल्या दिवशी तिने मला समोर बसवलं आणि ससा कसा तपासायचा ते शिकवलं. आधी कान आतून बघायचे, वास घ्यायचा. मग हनुवटीखाली हात फिरवायचा, ओली नाही ना. मागच्या टाचा उलट्या करून बघायच्या, तिथले केस झिजले तर पिंजऱ्याच्या जाळीवर बारदाना टाकायचा. शेपटीखाली स्वच्छ आहे का बघायचं. आणि शेवटी उलट्या दिशेने केस फुंकायचे, म्हणजे खालची कातडी दिसते. कातडी गुलाबी आणि कोरडी असली, नवे बारीक केस उगवताना दिसले, तर नुसती केसगळ आहे. पांढरा कोंडा, लाली, खपली, किंवा ससा एकाच जागी खाजवतोय असं दिसलं, तर गडबड आहे.

"आणि फोटो, बाबा. दर रविवारी. उजेडात. एकाच जागी."

मी होय म्हणालो. मोटार वाइंडिंग करणाऱ्या माणसाला बारकाईने बघायला सांगावं लागत नाही. गोंदिया जिल्ह्यात, सौंदडला रस्त्याच्या कडेला माझं दुकान आहे, मागे घर. शेतावरच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी येतात, मी जुनी तार काढतो, नवी भरतो. तारेवरचा मुलामा कुठे खरवडला आहे ते बोटाला कळतं, डोळ्यांना नंतर. पोरगी गेल्यावर घर फार शांत झालं. वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण नक्की काय वाटलं ते आठवत नाही. मी दर रविवारी ससा तपासत गेलो एवढं आठवतं.

मागच्या वर्षी हेच दिवस होते. लाहीच्या मानेमागे, दोन खांद्यांच्या मधोमध, केस गेले. पहिल्यांदा मला वाटलं हंगाम आहे, जातील नि येतील. पण फुंकून बघितलं तर खाली कोंडा होता, पिठासारखा, आणि ती मागचा पाय वर घेऊन तिथेच खाजवायचा प्रयत्न करायची. पाय पोचायचा नाही, हवेतच हलायचा. बघून हसू यायचं आणि मग यायचं बंद झालं.

चट्टा वाढतोय की कमी होतोय हे फोटोत कळावं म्हणून काहीतरी माप हवं होतं. शीलाने कपाटातून पल्लवीची लहानपणची बांगडी काढून दिली. हिरवी, प्लास्टिकची. ती मी लाहीच्या मानेवर ठेवायचो. चट्टा बांगडीच्या आत आहे तोवर घाबरायचं नाही, असं मी आणि पल्लवीने ठरवलं. एका हाताने लाहीला धरायचं, दुसऱ्याने बांगडी ठेवायची आणि शीलाने फोटो काढायचा. तिघांचं काम होतं ते, लाही धरून.

मधल्या काळात मी शहाणपणा केला. आमच्याकडे कातडीला काहीही झालं की टोळीचं तेल. टोळी म्हणजे मोहाची बी. थंडीत भेगा पडल्या, लावा. बैलाच्या मानेला जू घासलं, लावा. शीलाची मावशी दरेकशाची, तिने बाटली भरून दिलेली होती. मी सशाला चोपडलं. दुसऱ्या दिवशी लाही भिजल्या बोळ्यासारखी दिसत होती आणि दिवसभर स्वतःला चाटत होती. पल्लवी फोनवर ओरडली. मग लाहीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे बकऱ्या होत्या, एक लंगडी गाय होती, आणि मी ससा घेऊन. लोकांनी बघायचं तेवढं बघून घेतलं. डॉक्टर म्हणाले, नवं तणस अंथरलंत ना खाली? होय, अंथरलं होतं. तणस म्हणजे धानाचा पेंढा, आमच्याकडे त्याला काय तोटा! त्यातले बारीक किडे, म्हणाले. एक सुई दिली, पुन्हा यायला सांगितलं, तणस बंद, तेल बंद.

लाही भरून येत गेली. आधी मखमलीसारखी लव, मग केस. एका रविवारी फोटो पाठवल्यावर पल्लवीचा फोन आला.

"बाबा, लाहीचं छान झालं. पण तुमच्या हाताला काय झालं?"

"कुठे?"

"लाहीला धरलंय त्या हाताला. कोपराच्या खाली. मागच्या फोटोतही आहे. त्याच्या मागच्यातही आहे. मोठं होत चाललंय."

मी फोन घेऊन उजेडात गेलो आणि एकेक फोटो मागे सारत बघितला. सगळ्या फोटोंत मधोमध लाहीची मान आणि हिरवी बांगडी, आणि खाली कडेला माझा डावा हात. हातावर फिकट डाग. बांगडीतला चट्टा लहान होत गेला होता आणि हातावरचा मोठा. एवढे रविवार मी हे फोटो बोटांनी मोठे करून बघितले होते, पण मधलाच भाग.

"सशाचाच नायटा होय," शीला म्हणाली. "दिवसभर त्याले घेऊन बसता मांडीवर, मंग काय होईन?"

मलाही तसंच वाटलं. सशाच्या कातडीचं माणसाला लागतं असं डॉक्टरही म्हणाले होते. शेजारच्या सरूकाकूंनी विचारलं तेव्हा शीलाने त्यांनाही तेच सांगितलं. सरूकाकूंचं आणि आमचं अंगण एक आहे, मधे नुसती तुळस. त्यांच्या नातीचा, मुन्नीचा, लाहीवर फार जीव. कोथिंबिरीचे देठ घेऊन यायची. मी हाताला मलम लावत राहिलो. ते जात नव्हतं, पण खाजतही नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं. न खाजणाऱ्या गोष्टीचा माणूस किती वेळ विचार करणार?

मग एके दिवशी दुकानात तार जोडताना वास आला. कातडी जळाल्याचा वास केस जळाल्यासारखाच असतो. मी बघितलं, सोल्डरची तापलेली नळी माझ्या करंगळीला टेकली होती. टेकून बराच वेळ झाला असावा. मी हात काढून घेतला तो घाईने नाही, बाकावरून एखादी वस्तू उचलावी तसा. फोड आला. दुखला नाही. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर तरणा होता, हिंदी-मराठीची खिचडी बोलायचा. त्याने कापसाची बारीक वात केली. "काका, आँखें बंद करा. जिथं कापूस लागल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. ठीक आहे?" मी डोळे मिटले. खांद्यावर लागलं, बोट ठेवलं. दंडावर लागलं, बोट ठेवलं. मग तो थांबला. मी वाट बघत बसलो. बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं. बराच वेळ गेला तेव्हा मी म्हणालो, "करा ना सुरू."

"हो गया, काका," तो म्हणाला.

चट्टा, करंगळी, तिच्याशेजारचं बोट, सगळीकडे त्याचा कापूस फिरवून झाला होता. मग त्याने कोपराच्या मागची शीर दाबली आणि म्हणाला, कुष्ठरोग आहे. गोळ्या फुकट आहेत, पूर्ण खायच्या, मधेच सोडायच्या नाहीत. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण्याची भीती नाही. हात आत्ता सांभाळला तर वाकडा होणार नाही. गेलेली जाणीव परत येईल का, ते मात्र सांगता येत नाही. मी विचारलं, ससा? तो गोंधळला. "खरगोश का क्या?" मी म्हणालो, काही नाही.

रेल्वेने परत येताना मी खिडकीतून कापलेल्या बांध्या बघत होतो. घाबरायला हवं होतं. मी स्वतःला तसं सांगूनही पाहिलं, की बाबा रे, हे भिण्यासारखं आहे. पण आत काही हललं नाही. तो डाग हातापुरता आहे की आतही गेला आहे, असं एकदा मनात आलं आणि तेही निघून गेलं.

शीला मात्र हादरली. गोळ्यांचं पाकीट तिने पिठाच्या डब्यामागे ठेवलं. "कोनाले सांगू नका जी. पोरीचं लगन व्हायचं आहे. या रोगाचं नाव निघालं का सोयरे दारातूनच वापस जातेत." मी मान हलवली. खोटं बोलायची गरजच नव्हती. सशाचा नायटा हे आम्ही आधीच सांगून बसलो होतो, आणि सांगितलं तेव्हा ते आम्हाला खरंच वाटत होतं. आता फक्त ते मागे घ्यायचं नव्हतं.

पण एकदा सोडलेली गोष्ट अंगणात फिरत राहते. दिवाळी झाली, मंडईचे दिवस आले. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, नाटकं होतात, लेकीबाळी माहेरी येतात. सरूकाकूंच्या दोन्ही पोरी पोराबाळांसह यायच्या होत्या. आणि नेमकं तेव्हाच मुन्नीच्या मानेवर पुरळ उठलं. धानाच्या ढिगावर लोळली की कोणालाही उठतं, आमच्याकडे लहान पोराची मान या दिवसांत साफ नसतेच. पण सरूकाकूंनी माझा हात बघितला होता.

मंडईच्या आदल्या दिवशी सकाळी त्या झाकणाची टोपली घेऊन अंगणात आल्या. मुन्नी त्यांच्या पदराला धरून, डोळे रडून सुजलेले.

"भाऊ, राग नका मानू. पण हा ससा आता नाही पाह्यजे. तुमाले लागलं, माह्या नातीले लागलं, उद्या घरात पाच लेकरं येऊन राहिले. माहा भाचा दरेकशाले चालला, तो नेऊन सोडून देईन जंगलात. मोकळ्यात बरा राहीन तो."

पांढरा ससा, पिंजऱ्यात वाढलेला, दरेकशाच्या जंगलात. संध्याकाळसुद्धा बघणार नव्हता तो. हे मला माहीत होतं, शीलाला माहीत होतं, आणि मला वाटतं सरूकाकूंनाही माहीत होतं. मी शीलाकडे बघितलं. ती धान पालटत होती, तिचा हात थांबला, मग पुन्हा धानात फिरू लागला. ससा निर्दोष आहे म्हणायचं तर हातावर काय आहे ते सांगावं लागलं असतं. आणि पल्लवी परवा यायची होती.

मी पिंजरा उघडला. लोकांना वाटतं अशा वेळी माणसाच्या मनात काहूर माजतं. माझ्या मनात एवढंच होतं की टोपली लहान आहे, कान दुमडतील. मी लाहीला डाव्या हातावर घेतलं. तिची मान मी नेहमीसारखी बघितली, सवयीने. केस दाट आले होते, कोंडा नाही, लाली नाही. एवढा साफ ससा साऱ्या सौंदडात नसेल. मी तिला टोपलीकडे नेलं आणि मी तिला आत ठेवलंही असतं, यात मला शंका नाही.

टोपलीचं तोंड बघून लाही बिथरली. ससा ओरडत नाही, लाथ मारतो. मागचे दोन्ही पाय तिने माझ्या हातावर रोवले आणि उसळली. मी तिला सोडलं नाही. धरून उभा राहिलो.

"अगा माय," सरूकाकू म्हणाल्या. "भाऊ, रगत!"

मी बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत दोन लांब ओरखडे, त्यातून रक्त धानावर ठिबकत होतं. फिकट डागाच्या बरोबर मधून गेले होते.

"एवढं रगत निघून राहिलं, तुमाले लागत नाही काय?" सरूकाकूंनी विचारलं. त्यांनी साध्या काळजीने विचारलं होतं.

 शीला उठली. तिच्या पायाला धान चिकटलेलं होतं, ते तिने झटकलं नाही. माझ्या हातातून तिने लाहीला घेतलं आणि पोटाशी धरलं. तिने, जिने त्या सशाला वर्षभर केसांवरून शिव्या दिल्या होत्या.

"नाही लागत, काकू," ती म्हणाली. "त्याईले तिथं लागतच नाही. नायटा नोहे तो. महारोग होय. सरकारी गोळ्या चालू आहेत, आता कोनाले लागत नाही मनते डॉक्टर. ससा साफ आहे. सशाचं नाव घेऊ नका."

 मुन्नीने आजीकडे बघितलं. सरूकाकू बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिल्या, मग टोपलीकडे.

"मंग आधीच सांगतलं असतं त मी टोपली आणली असती काय?" त्या म्हणाल्या, जवळजवळ रागाने. टोपली उचलली, नातीचा हात धरला आणि गेल्या. त्या मंडईला आमच्याकडे पाहुणे कमी आले. काही आले, त्यांनी चहा घेतला नाही. पुढे होळीच्या सुमारास एकदा पिंजऱ्यासमोर कोथिंबिरीचे देठ पडलेले दिसले. कोणी टाकले ते विचारायचं कारण नव्हतं.

त्या दिवशी अंगण रिकामं झाल्यावर शीलाने मला पायरीवर बसवलं, कोमट पाणी आणलं आणि ओरखडे धुतले. मी लाहीकडे बघत होतो. ती पिंजऱ्यात जाऊन, काही झालंच नाही अशी, तोंड धूत बसली होती. खूप वेळाने मी खाली बघितलं तर धुणं केव्हाच संपलं होतं. पाण्याचं भांडं बाजूला सारलेलं होतं. शीलाचा तळवा माझ्या हातावर, त्या डागावर, नुसता ठेवलेला होता. केव्हापासून ठेवला होता कोण जाणे. ती रडत होती. तेव्हा मला वाईट वाटलं. लख्ख, सगळं एकदम, हात सोडून सगळीकडे.

पल्लवी आली तेव्हा शीलाने तिला फाटकातच सगळं सांगितलं. पोरीच्या लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ येणार होतं, ते आलं नाही. पल्लवी म्हणाली बरं झालं, परीक्षा आहे. खरंच बरं झालं की नुसतं तसं म्हणाली, ते मला समजलं नाही. मी विचारलंही नाही.

गोळ्या पावसाळ्यात संपल्या. गोळ्यांनी डाग काळवंडला, मग हळूहळू निवळला. वाढला नाही. बोटं सरळ आहेत, मोटारी भरतो, तार आता उजव्या हाताने चाचपतो आणि नळीपासून करंगळी लांब ठेवतो. आणि आता रविवारी दोन फोटो जातात. आधी लाहीची मान, मग माझा हात, दोन्हीवर तीच हिरवी बांगडी.

यंदाचा लाहीचा फोटो काढून झाला. केसगळ आहे, नुसती केसगळ, खालची कातडी गुलाबी. शीला झाडू टाकून माझ्या शेजारी येऊन बसली आहे. बांगडी तिने माझ्या हातावर ठेवली आहे आणि आता ती दर हप्त्याला करते ते करणार. मी डोळे मिटायचे, तिने मनगटाकडून बोट फिरवत वर आणायचं, आणि जिथे ते कळेनासं होईल तिथे मी "आता" म्हणायचं.

"आता," मी म्हणतो.

मागच्या वेळेपेक्षा बोट थोडं पुढे गेलं का? शीला सांगत नाही. सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. मग बोट त्या रेषेवर थांबायला हवं, तसा नेम आहे. पण दर वेळी ती पुढे जाते, बांगडीच्या आत, जिथे काही नाही, आणि सगळा तळवा तिथे टेकवते.

"समजून राहिलं काय जी?"

"होय," मी म्हणतो. डोळे मी केव्हाच उघडलेले असतात, आणि ते तिला दिसत असतं.